एकोणतीसने भाग जात नाही

आमच्या फ्रिजवर दर वसंतात एक नवं चुंबक चिकटतं. पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, निळं-हिरवं. त्यावर महिने, महिन्यांत चौकटी, चौकटींत बारीक चिन्हं. रंगीत चौकट म्हणजे सामना घरी, पांढरी म्हणजे बाहेरगावी, रिकामी म्हणजे सुट्टी. सिएटल मरिनर्स या आमच्या बेसबॉल संघाचं हे वेळापत्रक. सहा महिन्यांत १६२ सामने. ते कालनिर्णयच्या शेजारी लावलेलं असतं आणि खरं सांगायचं तर कालनिर्णयपेक्षा जास्त वेळा पाहिलं जातं. बायकोचं यावर वेगळं मत आहे, ते इथे देत नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये आई आणि अण्णा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. इथल्या आपल्या लोकांकडे आई-वडील येण्याचा मोसम आणि बेसबॉलचा हंगाम एकच असतो. दोन्ही थंडी ओसरली की सुरू होतात आणि पानं गळायला लागली की आटोपतात. पहिला आठवडा अण्णांना पहाटे तीनला जाग यायची. चौथ्या दिवशी मी खाली आलो तर ते फ्रिजसमोर स्टूल टाकून बसलेले. चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल, आणि लेकीच्या वहीचं एक पान आकड्यांनी भरत आलेलं.

"हे कुणी लावलंय?"

मला वाटलं चुंबक वाकडं लागलंय.

"टाइमटेबल रे. कुणी लावलंय? ह्या ह्यूस्टनशी तेरा, त्या बॉस्टनशी सहाच, आणि ह्यांच्याशी तीन. एकसारखं नाही हे."

अण्णा गणिताचे शिक्षक. साताऱ्याच्या एका शाळेत शेवटची चौदा वर्षं पर्यवेक्षक होते, आणि पर्यवेक्षकाच्या माथी शाळेचं टाइमटेबल असतं. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या बाहेरच्या खोलीत जमिनीवर ड्रॉइंगचे चार कागद जोडून पसरलेले असायचे. कोपऱ्यांवर आईच्या डब्यांची झाकणं, पंखा बंद, कारण वाऱ्याने चिठ्ठ्या उडतात. प्रत्येक शिक्षकाच्या नावाच्या आद्याक्षराची चिठ्ठी, विषयाप्रमाणे रंग. संगीताच्या बाई दोन शाळांत अर्ध्या-अर्ध्या, म्हणून त्या फक्त मंगळवार-गुरुवारी. प्रयोगशाळा एकच. मैदान एकच, त्यातही दुपारचं ऊन. सलग चार तास कुणाला द्यायचे नाहीत. आणि सगळं जुळलं असं वाटतंय तोच सहावी ब ला बुधवारी एकाच तासाला भूगोल आणि हिंदी दोन्ही आलेले दिसायचे. मग अण्णा काही न बोलता उठून अंगणात एक चक्कर मारून यायचे.

तर हा माणूस फ्रिजसमोर बसला होता.

मी त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. एकूण तीस संघ. दोन लीग, प्रत्येकीत पंधरा, आणि पंधरांचे पाच-पाचचे तीन गट. आपल्या गटातल्या चौघांशी प्रत्येकी तेरा सामने, म्हणजे ५२. आपल्याच लीगमधल्या बाकी दहांशी सहा किंवा सात, ते ६४. दुसऱ्या लीगमधल्या एका ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी चार आणि उरलेल्या चौदांशी तीन-तीन, ते ४६. बेरीज १६२. ही रचना त्याच वर्षी नवी आली होती. २०२२ पर्यंत गटातल्या प्रत्येकाशी १९ सामने असायचे आणि दुसऱ्या लीगमधले कितीतरी संघ त्या वर्षी दिसायचेसुद्धा नाहीत. म्हणजे आता आधीपेक्षा पुष्कळ समान झालं होतं. माझ्या आवाजात थोडा अभिमानच होता, जणू मीच कमिशनर.

अण्णांनी पान माझ्याकडे वळवलं. "एकोणतीस प्रतिस्पर्धी. एकोणतीस मूळ संख्या. एकोणतीस पाचे एकशे पंचेचाळीस, एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर. एकशे बासष्टला भाग जात नाही. म्हणजे समान करायचंच नाही, असं आधीच ठरवून बसलेत."

मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

पुढे गंमत अशी की एके काळी भाग जात होता. १९६१ च्या आधी प्रत्येक लीगमध्ये आठ संघ होते, सात प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी २२ सामने. सात गुणिले बावीस, १५४. त्या काळातल्या हंगामाचा १५४ हा विचित्र वाटणारा आकडा हा असा आलेला. मग १९६१ मध्ये अमेरिकन लीगमध्ये दहा संघ झाले, नऊ प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी १८. नऊ अठरे एकशे बासष्ट. पुढच्या वर्षी नॅशनल लीगनेही तेच केलं. दोन्ही आकडे म्हणजे चोख गुणाकार. सगळ्यांशी सारखे सामने, निम्मे घरी, निम्मे बाहेर. १९६९ मध्ये लीग गटांत विभागल्या गेल्या आणि गुणाकार संपला. आता गटातल्या पाचांशी १८ आणि बाहेरच्या सहांशी १२ असं करून बेरीज तेवढी १६२ च ठेवली. १९९७ पासून दोन्ही लीगचे संघ हंगामातच एकमेकांशी खेळायला लागले. संघ वाढले, गट बदलले, पण १६२ तसाच राहिला. घर पाडून नवं बांधलं तरी जुना उंबरा जपून ठेवावा, तसा. अण्णांना हे इतकं आवडलं की त्यांनी ते आईला पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. आई मेथी निवडत होती. "बरं," ती म्हणाली.

त्यांना सर्वांत आवडले ते मात्र हेन्री आणि हॉली स्टीफन्सन. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहणारं हे जोडपं दोन दशकांहून जास्त काळ मेजर लीग बेसबॉलचं वेळापत्रक घरी बसून बनवत होतं. संगणक होता हाताशी, पण सगळं त्याच्यावर सोडलेलं नव्हतं. शेवटची जुळवाजुळव डोक्याने आणि हाताने. आजच्या हिशेबात २४३० सामने. कुठल्या मैदानावर मैफल आहे, कुठल्या शहरात त्याच दिवशी फुटबॉल आहे, कुणाला सलग किती दिवस खेळवायचं, रात्री सामना संपवून कोण किती लांब उडणार. खेळाडूंच्या करारात कलमच आहे की सलग वीस दिवसांपेक्षा जास्त खेळवायचं नाही. २००५ पासून हे काम गणिती पद्धतीने वेळापत्रक काढणाऱ्या दुसऱ्या मंडळींकडे गेलं. "नवरा-बायको," अण्णा म्हणाले आणि आईकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही. ड्रॉइंगच्या कागदांवर तिच्या डब्यांची झाकणं वर्षानुवर्षं अडकायची, ते ती विसरलेली नाही.

आता माझं गाऱ्हाणं. सिएटलच्या प्रत्येक चाहत्याचं हेच आहे, त्यामुळे यात माझं असं काही नाही. सिएटल नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आहे. तेव्हा आमच्या गटातला सर्वांत जवळचा शेजारी होता ओकलंड, हजार किलोमीटरांच्या पलीकडे. म्हणजे साताऱ्याच्या शाळेला आंतरशालेय सामन्यासाठी सर्वांत जवळची शाळा ग्वाल्हेरला. ह्यूस्टन तर सरळ रेषेत तीन हजार किलोमीटर, आणि ते आमच्याच 'पश्चिम' गटात. न्यूयॉर्कचे दोन संघ एकमेकांकडे भुयारी रेल्वेने जाऊ शकतात. शिकागोचे दोनही. आमचा दुसऱ्या लीगमधला 'ठरलेला प्रतिस्पर्धी' कोण, तर सॅन डिएगो. विमानाने सतराशे किलोमीटर. नातं काय, तर दोन्ही संघ वसंतातला सराव ॲरिझोनात एकाच आवारात करतात. आणि सिएटलच्या पर्ल जॅम बँडचा गायक एडी वेडर त्याआधी सॅन डिएगो भागात राहिलेला, म्हणून चाहत्यांनी थट्टेत या लढतीला 'वेडर कप' म्हणायला सुरुवात केली. २०२५ मध्ये त्याची खरोखरच गिटारच्या रूपातली ट्रॉफी झाली. सोयरीक जुळवायचीच म्हटली की कुठलाही धागा पुरतो.

बहुतेक वर्षी आमचा संघ चाळीस हजार मैलांच्या वर प्रवास करतो, आणि या यादीत आम्ही सहसा पहिले किंवा पहिल्या दोन-तिघांत. मधल्या प्रदेशातल्या संघांना यापेक्षा हजारो मैल कमी पडतात. प्रवासाने काय होतं हेही कुणी अंदाजाने बोलत नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी वीस हंगामांतले चाळीस हजारांहून जास्त सामने तपासून २०१७ मध्ये दाखवलं, की पूर्वेकडे उडणाऱ्या संघाला घड्याळ बदलण्याचा त्रास जास्त होतो आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जास्त होम रन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, देतात. आम्हाला पश्चिमेकडे उडायला जागाच नाही. पुढे समुद्र आहे.

हे सगळं मी मन लावून मांडलं. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि मग त्यांच्या नाराजीच्या वहीबद्दल सांगितलं. मला ती वही आठवत होती, पण तिचा उपयोग ठाऊक नव्हता. शाळेत दरवर्षी कुणाला तरी शनिवारचा शेवटचा तास मिळतो, कुणाला तरी मधल्या सुट्टीनंतरचा नववीचा वर्ग मिळतो, ज्यात अर्धी मुलं पेंगतात. ते टळत नाही. म्हणून ते वहीत लिहून ठेवायचे, यंदा कुणाच्या वाट्याला काय वाईट आलं. पुढच्या वर्षी ते दुसऱ्याच्या वाट्याला. "शिक्षक भांडायला आले की मी वही उघडायचो. गेल्या वर्षी हे देशपांडे बाईंनी काढलं, त्याआधी मी स्वतः काढलं. गप्प बसायचे."

"पण सिएटल दरवर्षी कोपऱ्यातच राहणार ना," मी म्हणालो. "इथे वही फिरतच नाही."

हे त्यांना पटलेलं दिसलं. पेन्सिल कानावर ठेवून ते थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं जिंकलो. मग म्हणाले, "तुम्ही एकदा एकशे सोळा जिंकले होते म्हणतोस ना?"

"२००१ मध्ये. एकशे सोळा."

"तेव्हा सिएटल कुठे होतं?"

२००१ बद्दल सिएटलच्या माणसाशी जपून बोलावं. त्या वर्षी मरिनर्सनी १६२ पैकी ११६ सामने जिंकले. १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी. जपानहून आलेल्या इचिरोचं इथलं पहिलं वर्ष. आणि मग लीगच्या अंतिम फेरीत यँकीजनी चार-एकने घरी पाठवलं. त्यानंतर २०२२ पर्यंत प्लेऑफचं, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीत, कधीच न पोहोचलेला तीसपैकी एकुलता एक संघ, अजूनही. मी या शहरात आलो तो या दुष्काळाच्या मधोमध. ऑफिसातल्या एकाने फुकटची तिकिटं दिली होती, आणि फुकटच्या तिकिटांचं पुढे काय होतं ते तुम्ही पाहताच आहात.

दुष्काळ संपला तेव्हा मी मैदानावर होतो. म्हणजे ३० सप्टेंबर २०२२ ला नव्हे, जेव्हा आमच्या कॅल रॅलीने नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना ओकलंडविरुद्ध होम रन मारून आम्हाला प्लेऑफमध्ये नेलं. ते मी घरी सोफ्यावरून पाहिलं आणि शेजारच्या खोलीत झोपलेली लेक दचकून उठली. मी होतो त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, ह्यूस्टनविरुद्ध. सिएटलमध्ये २००१ नंतरचा पहिला प्लेऑफ सामना. नेहमीच्या नऊ इनिंग झाल्या, शून्य-शून्य. बारा झाल्या. पंधरा झाल्या. त्या दिवसांत सिएटलच्या चाहत्यांत एक टूम निघाली होती, धावा हव्या असल्या की बूट काढून डोक्यावर ठेवायचा. सत्तेचाळीस हजारांच्या त्या गर्दीत मीही उजव्या पायातला बूट डोक्यावर घेऊन उभा होतो. एका पायात बूट, एका पायात मोजा, खाली सांडलेली बिअर. सहा तास बावीस मिनिटं. अठराव्या इनिंगमध्ये ह्यूस्टनच्या जेरेमी पेन्याने होम रन मारला, एक-शून्य, संपलं. आमची धाव एकही नाही. कुणीतरी काढलेला माझा फोटो व्हॉट्सॲपवरून साताऱ्याला पोचला. आईचा एका ओळीचा निरोप आला: पायातली वहाण पायातच बरी.

तर २०२३. अण्णांनी एप्रिलमध्येच शेवटच्या दहा सामन्यांभोवती पेन्सिलीने चौकट काढून ठेवली होती. तीन टेक्सासला, मग घरी तीन ह्यूस्टनशी, चार पुन्हा टेक्सासशी. "शेवटचा पेपर अवघड काढलाय," म्हणाले. ऑगस्टमध्ये आमच्या संघाने २७ पैकी २१ जिंकले, क्लबच्या इतिहासात एका महिन्यातले सर्वाधिक विजय. अण्णा तोवर पिचरला गोलंदाज म्हणायचे सोडून नावाने ओळखायला लागले होते. सातव्या इनिंगला त्यांना डुलकी लागायची ती गोष्ट वेगळी. मग सप्टेंबर आला आणि ऑगस्टमधले तेच नऊ जण मैदानावर उतरून दुसऱ्याच कुणासारखे खेळायला लागले. २२ ते २४ सप्टेंबर टेक्सासमध्ये तिन्ही हरले. आणि त्याच तीन दिवसांत, त्या वर्षी १०६ सामने हरलेल्या कॅन्सस सिटीने ह्यूस्टनला ह्यूस्टनमध्ये जाऊन तिन्हींत हरवलं. दार सताड उघडं होतं. आम्ही ते बाहेरून पाहत राहिलो. शेवटच्या दहांत चार जिंकले, सहा हरले. ३० सप्टेंबरला आम्ही तिघं स्टेडियमवरच होतो, सहा-एकने गेलो.

हिशेब असा लागला: ह्यूस्टन ९०, टेक्सास ९०, टोरोंटो ८९, सिएटल ८८. आम्ही बाहेर. आणि मधल्या गटातलं मिनेसोटा ८७ जिंकून आत, कारण ते आपल्या गटात पहिले. मी घरी येताना लाइट रेलमध्ये हेच बोलत होतो. अठ्ठ्याऐंशीवाला बाहेर, सत्त्याऐंशीवाला आत, हा कुठला न्याय.

"ब तुकडीतला पहिला आणि अ तुकडीतला तिसरा," अण्णा म्हणाले. "बक्षीस पहिल्यालाच." थोड्या वेळाने पुन्हा: "ह्यूस्टनशी आपले किती?"

तेरांपैकी नऊ आम्ही जिंकले होते.

"आणि टेक्सासशी?"

तेरांपैकी चार.

पुढच्या स्टेशनपर्यंत कुणी बोललं नाही. खरं तर त्या वर्षीचं ह्यूस्टनच सांगण्यासारखं आहे. बाहेरगावी ५१ विजय, ३० पराभव. घरी, आपल्या गादीवर झोपून, आपल्या प्रेक्षकांसमोर ३९ विजय, ४२ पराभव. प्रवासाने संघ बिघडतो हे माझं गाऱ्हाणं त्यांनी एकट्याने उलटं करून ठेवलं. टेक्सास तर पुढे वर्ल्ड सिरीजच जिंकलं.

दुसऱ्या दिवशीचा सामना बिनकामाचा होता. मी टीव्ही लावणार नव्हतो. अण्णांनी लावला. "पेपर पूर्ण लिहून उठायचं." एक-शून्यने जिंकले.

त्याच आठवड्यात क्लबच्या बेसबॉल विभागाचे प्रमुख जेरी डिपोटो पत्रकारांसमोर बसले आणि म्हणाले त्याचा आशय असा: दहा वर्षांच्या काळात ५४ टक्के सामने जिंकत राहिलात तर वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचताच. शहर पेटलं. दोन दिवसांत '५४ टक्के' हा विनोद झाला, शिवी झाली, टी-शर्ट झाला. पुढे त्यांनी माफीही मागितली.

अण्णांना मी परतीच्या सामानाचं वजन करता करता हे सांगितलं. ते तराजूवरच्या बॅगेकडे बघत म्हणाले, "चोपन्न टक्के म्हणजे सेकंड क्लास." आमच्या घरात चोपन्न टक्क्यांना काय किंमत होती ते मला माहीत आहे, बारावीच्या एका चाचणीनंतर मी ती मोजली आहे. पण मग त्यांनी सवयीने हिशेब केला. ८८ भागिले १६२, चोपन्न पूर्णांक तीन. ११६ भागिले १६२, एकाहत्तर पूर्णांक सहा. "म्हणजे तुमच्या सर्वांत मोठ्या वर्षालाही डिस्टिंक्शन नाही." १९०६ च्या कब्जना होतं, १५२ निकाली सामन्यांत ११६, शहात्तर टक्के. ज्या खेळात आमच्या विक्रमी वर्षालाही पंच्याहत्तर पडत नाहीत, त्यात चोपन्नला हसायचं कुणी, असा त्यांचा सवाल. मी त्यांच्यावर थोडा चिडलो होतो. तोट्यात असलेल्या माणसाला त्रैराशिक शिकवू नये.

आता शांतपणे बघतो तेव्हा वेगळंच दिसतं. २०२१: ९०. २०२२: ९०. २०२३: ८८. २०२४: ८५. २०२५: ९०. पाच वर्षांत ८१० सामने, ४४३ विजय, चोपन्न पूर्णांक सात टक्के. त्या माणसाने सांगितलं होतं ते जवळजवळ दशांशासकट. आम्ही ज्याला 'सातत्य नाही, सातत्य नाही' म्हणून कपाळ बडवतो, त्या संघाइतका वर्षानुवर्षं एकाच जागी उभा राहिलेला संघ शोधावा लागेल. लांबून बघितलं तर सरळ रेषा. जवळून बघितलं तर ऑगस्ट आणि सप्टेंबर. आणि चाहता जवळूनच बघतो, त्याला दुसरीकडून बघायची सोयच नाही. तो रोज संध्याकाळी सात वाजता एक सामना बघतो.

त्यातही गोम आहे. २०२१ मध्ये ९० जिंकले तेव्हा संघाने स्वतः केलेल्या धावांपेक्षा दिलेल्या धावा ५१ ने जास्त होत्या. एका धावेच्या फरकाचे ५२ सामने, त्यांतले ३३ जिंकले. २०२३ मध्ये केलेल्या धावा दिलेल्यांपेक्षा ९९ ने जास्त, आणि विजय ८८. दोन्ही वर्षी बाहेर. मग चांगला संघ कुठला? मी अजून ठरवलेलं नाही. २०२१ ची मजा मात्र जास्त आली, कारण तेव्हा अपेक्षा नव्हती.

२०२४ ला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, ते आले नाहीत. बरंच झालं. जून १८ ला आमची गटात दहा सामन्यांची आघाडी होती. महिन्याभरात ती संपली. जुलैत एंजल्स, त्या वर्षी ९९ हरलेला संघ, सिएटलला आले आणि तिन्ही सामने घेऊन गेले. ऑगस्टमध्ये ६४-६४ वर असताना व्यवस्थापकाला काढलं. शेवटी ८५ जिंकले, आणि डेट्रॉइट आणि कॅन्सस सिटी ८६ जिंकून आत गेले. पुन्हा एका सामन्याने.

या वेळी मात्र माझ्याकडे खरं गाऱ्हाणं होतं, आणि मी ते रात्री फोन करून अण्णांपुढे ठेवलं. त्या वर्षी शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले. आधुनिक बेसबॉलमध्ये इतके कुणी हरलं नव्हतं. ते मधल्या गटात, म्हणजे कॅन्सस सिटी आणि डेट्रॉइटला त्यांच्याशी तेरा-तेरा सामने. आम्हाला सात. कॅन्सस सिटीने तेरांपैकी बारा जिंकले. ते तेरा काढले तर बाकीच्या जगाशी त्यांचे ७४ विजय, ७५ पराभव. एका सामन्याने आत गेलेला संघ, आणि त्याच्या पदरात बारा फुकटचे. ह्यात माझं काही चुकतंय का?

पलीकडे बराच वेळ कागदाची खसखस. "नाही," अण्णा म्हणाले. "हे बरोबर आहे. हे वहीत लिहून ठेव."

मला इतकं बरं वाटलं की एंजल्सच्या त्या तीन सामन्यांचा विषय मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही, पण ते त्यांना ठाऊक होतं. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टींचाही हिशेब असतो.

२०२५ ला ते पुन्हा आले, आणि या वेळी अण्णा पर्यवेक्षक राहिलेले नव्हते. ते चाहते झाले होते. एप्रिलमध्ये चुंबक हातात घेऊन त्यांनी आधी शेवटचा आठवडा पाहिला आणि चेहरा उजळला. "कोलोराडो." कोलोराडो त्या वर्षी ११९ सामने हरलं. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या संघाने ह्यूस्टनला ह्यूस्टनमध्ये तिन्ही सामन्यांत हरवलं आणि मग घरी येऊन तीन सामने या कोलोराडोशी. २४ तारखेला आम्ही चौघं गेलो. इथे घरचं खाणं आत नेऊ देतात, म्हणून आईने धपाटे आणि ठेचा घेतला होता. खाली स्टॉलवर भाजलेले नाकतोडे मिळतात, मेक्सिकन पद्धतीचे, तिखट-लिंबू लावून. अण्णांनी ते विकत घेणाऱ्या माणसाकडे इतका वेळ टक लावून पाहिलं की त्याने त्यांना एक देऊ केला. त्यांनी हात जोडले. कॅल रॅलीने त्या रात्री दोन होम रन मारले, हंगामातला एकोणसाठावा आणि साठावा. २००१ नंतर पहिल्यांदा गट आमचा झाला. अण्णा उभे राहून ओरडत होते. मी त्यांना कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. वर्गातसुद्धा ते आवाज खाली आणून मुलांना गप्प करायचे.

येताना गाडीत मी मुद्दाम विचारलं, "अण्णा, ऐन शेवटी कोलोराडो मिळालं आपल्याला. हे समान झालं का?"

"समोर जो येईल त्याच्याशी खेळायचं," अण्णा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

शेवटचे तीन सामने डॉजर्सनी घेतले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पुन्हा ९०. आईला दसरा घरीच हवा होता, म्हणून त्यानंतर लगेच ते परतले. चुंबक अण्णा बरोबर घेऊन गेले. साताऱ्याला गोदरेजच्या कपाटावर ते आता आहे.

डेट्रॉइटला आम्ही पाचव्या सामन्यात, पंधरा इनिंगनंतर हरवलं. मग टोरोंटो. त्यांचे ९४ विजय, आमचे ९०, म्हणून सातवा सामना झालाच तर तो त्यांच्या घरी. पहिले दोन आम्ही त्यांच्याकडे जिंकलो, मग दोन आपल्या घरात हरलो, तेरा-चार आणि आठ-दोन असे. मग आम्ही एक, मग ते एक. सातवा सामना २० ऑक्टोबरला होता. इथे आमच्याकडे सोमवारची संध्याकाळ. साताऱ्यात २१ तारीख, लक्ष्मीपूजनाची पहाट. मी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लावून टीव्हीकडे फिरवला होता. अण्णा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून खुर्चीत बसले होते. मागे कुठेतरी लवंगी माळ वाजत होती आणि आई कुणाला तरी पणत्या कुठे ठेवल्या ते सांगत होती. पाचव्या इनिंगला रॅलीचा होम रन, तीन-एक. मी चकलीचा डबा उघडला. सातव्या इनिंगमध्ये टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने दोघं बेसवर असताना होम रन मारला, एकदम तीन धावा. चार-तीन. उरलेल्या इनिंगमध्ये आमच्याकडून एकही धाव झाली नाही.

मी टीव्ही बंद केला. लॅपटॉपवर अण्णा खुर्चीत नव्हते. ते कपाटापाशी उभे होते, पाठमोरे. चुंबकावर १६२ च सामने छापलेले असतात. पुढचे बारा त्यांनी खाली कपाटाच्या पत्र्यावरच पेन्सिलीने चौकटी काढून मांडले होते. बाराव्या चौकटीत त्यांनी फुली मारली, टोक घासून बोथट झालेलं होतं म्हणून पुन्हा एकदा गिरवली, आणि वळून म्हणाले, "सातवा सामना आपल्याकडे असता तर..."

"अण्णा," मी म्हणालो.

"बरं, बरं," ते म्हणाले. "आईला बाहेर रांगोळी काढायचीय, टेबल सरकवायला बोलावतीये. नंतर करतो."